हँडब्रेकचे लायनर आणि स्प्रिंगा बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारा बिडाचा गोल डबा, ब्रेक त्याच्या आत घासतो) असलेल्या गाड्या आपल्याकडे अजूनही ढिगाने आहेत: अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन, टियागो. त्यामुळे इथली बहुतेक उत्तरं ड्रमवाल्या गाडीसाठी आहेत. डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असलेल्या गाड्यांबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. मी पेशाने मेकॅनिक नाही. स्वतःच्या आणि सोसायटीतल्या चार-पाच गाड्यांचे ड्रम उघडून जे हाताला कळलं, ते इथे लिहिलंय.

हँडब्रेकची दांडी पूर्वीपेक्षा खूप वर येते. केबल आवळून घेऊ का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं.

आधी आत काय होतं ते बघू. तुम्ही दांडी ओढता, दांडीला बांधलेली केबल मागे जाऊन दोन चाकांत वाटली जाते. प्रत्येक ड्रमच्या आत दोन शू असतात, म्हणजे कमानीसारखे लोखंडी तुकडे, आणि त्यांवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. मागच्या शूला एक लोखंडी पट्टी बिजागरीसारखी जोडलेली असते. केबल तिला ओढते, ती दोन शूंमधल्या आडव्या दांड्याला, म्हणजे स्ट्रटला ढकलते आणि दोन्ही शू ड्रमला जाऊन भिडतात. म्हणजे पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक तेच शू वापरतात. फक्त ढकलणारा वेगळा.

लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. हे अंतर भरून काढायचं काम त्या स्ट्रटवरच्या सेल्फ ॲडजस्टरचं. तो गंजून बसला की अंतर वाढतच जातं आणि दांडी वर येत राहते. अशा वेळी केबल आवळली तर दांडी खाली येते, गिऱ्हाईक खूश होतं. पण ती पट्टी आता आपल्या मूळ जागेवर टेकतच नाही, सतत थोडी ओढलेली राहते. शू पूर्ण मागे येत नाहीत आणि ॲडजस्टरला सरकायला जी मोकळीक लागते तीच संपते. म्हणजे आधी आळशी असलेला ॲडजस्टर आता कायमचा झोपला. माझ्या पहिल्या गाडीची केबल एका गॅरेजने दीड वर्षात तीनदा आवळून दिली. चौथ्या वेळी आवळायला आटेच उरले नव्हते. मी ड्रम उघडला तेव्हा एका बाजूचा लायनर रिबिटपर्यंत घासलेला होता.

ओळखायची सोपी खूण: दांडी वर येते आणि ब्रेकचं पेडलही पहिल्यापेक्षा खाली जातं, पण दोन-तीनदा भरभर दाबल्यावर वर येतं, तर दोष ड्रमच्या आत आहे. पेडल ठणठणीत असून फक्त दांडी वर येत असेल, तर केबल ताणलेली किंवा आतून गंजलेली असण्याची शक्यता जास्त.

दांडी किती 'क्लिक' वर यायला हवी?

बऱ्याच छोट्या गाड्यांत साधारण २० किलोच्या ओढीला ४ ते ९ दात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. २० किलो म्हणजे एका हाताने नेटाने, पण दात न खाता ओढलेलं.

लायनर बदलायची वेळ झाली हे बाहेरून कळतं का?

नीट नाही. काही बॅकप्लेटना, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकड्यांना, रबरी बूच असतं. ते काढून टॉर्च मारली की लायनरची कड दिसते, पण दिसते ती एकाच शूची. आवाजावर विसंबू नका. समोरच्या डिस्क ब्रेकच्या पॅडसारखी किरकिर करणारी पत्री ड्रममध्ये बहुधा नसते. लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज येतो तेव्हा ड्रमही गेलेला असतो.

मोजायचं असेल तर ड्रम काढूनच. बहुतेक कंपन्या लायनरची किमान जाडी १ ते १.५ मिलिमीटर सांगतात. ही जाडी फक्त घासणाऱ्या थराची, खालच्या लोखंडी शूसकट नव्हे. मी २ मिलिमीटरला बदलून टाकतो. परत सगळं उघडायचा कंटाळा, दुसरं काय.

आणि जाडी भरपूर असली तरी लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस पाझरलं असेल तर तो शू बादच. धुऊन, घासून, जाळून काही होत नाही. ऑइल आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं.

शूबरोबर स्प्रिंगा आणि पिना बदलायलाच हव्यात का? जुन्या चांगल्या दिसतात.

बदला. स्प्रिंग तुटेपर्यंत चांगलीच दिसते. हजारो वेळा तापून आणि गार होऊन तिचा ताण कमी झालेला असतो. मग शू पूर्ण मागे ओढला जात नाही, ड्रमला हलका घासत राहतो, तापतो, आणि ताप लागून स्प्रिंग आणखी ढिली पडते. एक जुनी घरगुती चाचणी आहे. काढलेली स्प्रिंग फरशीवर टाका. घट्ट वेढ्यांची चांगली स्प्रिंग 'टप्' असा बसका आवाज करते, वेढे सुटलेली छणछणते. शास्त्र म्हणून नाही, इशारा म्हणून बघा.

रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांबाबत तर चर्चाच नको. खाऱ्या हवेत शू धरून ठेवणारी पिन आणि तिची वाटी आधी जाते. पिनचं डोकं बॅकप्लेटच्या मागे, चिखलाच्या बाजूला असतं, त्यामुळे ते कुजलेलं कुणाला दिसत नाही. स्प्रिंग, पिना, वाट्या यांचा सेट लायनरच्या मानाने किरकोळ किमतीला मिळतो. दुकानदार आपणहून देत नाही, मागावा लागतो.

सामान कुठून आणू?

पुण्यात नाना पेठ आहेच. दुसरीकडे कंपनीच्या स्पेअरपार्टच्या काउंटरवर गाडीचा चेसिस नंबर सांगून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार ड्रमचा व्यास बदलतो आणि नुसतं 'स्विफ्टचे मागचे लायनर' म्हणून आणलेला सेट घरी येऊन बसत नाही. घेताना दोन गोष्टी उघडून बघा: हँडब्रेकची पट्टी नव्या शूला लावून आली आहे की जुनी काढून लावायची आहे, आणि पट्टी काढायची असेल तर तिची नवी सी-क्लिप मिळाली आहे का.

जुन्याच शूवर नवा लायनर चिकटवून किंवा रिबिट मारून देणारे अजूनही भेटतात. ट्रकच्या मोठ्या शूला ते काम रीतसर चालतं. छोट्या गाडीच्या शूला मी करणार नाही.

कोणती हत्यारं लागतात?

जॅक, दोन स्टँड, चाकाचा पाना, लांब चोचीची पक्कड, साधी पक्कड, चपटा पेचकस, रबरी हातोडी, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, उष्णता सोसणारं ग्रीस, आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याला हसू नका, सुटलेली रिटर्न स्प्रिंग (शू मागे ओढणारी) तोंडाकडेच येते. स्प्रिंग ओढायची खास पक्कड मिळाली तर काम निम्म्या वेळात होतं.

गाडी उचलताना काय सांभाळायचं?

हे काम हँडब्रेक सोडूनच करावं लागतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल, म्हणजे जवळपास सगळ्या छोट्या हॅचबॅक, तर पहिला गिअर टाकल्यावर पुढची चाकं इंजिन धरून ठेवतं. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, ईको यांसारख्या मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत गिअर टाकून काहीही मिळत नाही. धरणारं चाकच हवेत असतं! म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. सपाट, पक्की जमीन हवी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही.

ड्रम निघतच नाही. हातोडी मारू का?

कडेवर जोरात मारलीत तर बिडाचा ड्रम तडकेल. आधी ही कारणं तपासा:

केबिनमधला केबल ॲडजस्टर, म्हणजे केबल आवळायचा नट, पूर्ण ढिला केलाय का? तसंही कामाची सुरुवात तिथूनच करायची असते.

ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालाय का? मग शू त्या ओठात अडकतात. बॅकप्लेटच्या भोकातून पेचकस घालून ॲडजस्टर मागे घ्यावा लागतो.

ड्रम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजाने धरलाय का? बऱ्याच जपानी बनावटीच्या ड्रमांना चेहऱ्यावर दोन आट्यांची भोकं असतात, बहुतेक ८ मिलिमीटरच्या बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आळीपाळीने थोडं थोडं आवळलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. एकच बोल्ट घालून दामटवू नका, ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो.

मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांत मागचा ड्रम आणि हब-बेअरिंग एकच असतं. तिथे मधली टोपी काढून मोठा नट सोडावा लागतो. परत बसवताना नट नवा वापरा आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. हे जमणार नसेल तर ही पायरी गॅरेजकडेच सोपवलेली बरी, कारण चुकीचा आवळलेला नट म्हणजे आवाज करणारं बेअरिंग किंवा त्याहून वाईट.

उघडल्यावर आतली काळी भुकटी कशी काढू?

कॉम्प्रेसरची हवा मारू नका. गॅरेजमध्ये सर्रास मारतात, शेजारी चहा पिणाऱ्या पोराच्याही छातीत ती जाते. जुन्या किंवा अनोळखी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. खाली जुनी परात ठेवा, ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी मारून भुकटी ओली करा, मग पुसून घ्या. पेट्रोल किंवा रॉकेल नको.

जुनं काढून नवं बसवायचा क्रम सांगा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू म्हणजे तुमचा नमुना. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, रंग कुठला, आकडा पुढून की मागून, हे सगळं विसरायला होतं. मोबाइलने चार फोटो काढून ठेवा. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, हे मात्र डोक्यात असू द्या.

ड्रम निघाल्यावर पहिली सूचना घरातल्या सगळ्यांना: ब्रेकच्या पेडलवर कुणी पाय ठेवायचा नाही. व्हील सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) पिस्टन बाहेर येऊन पडतील आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होईल. माझ्या पुतण्याने गाडीत बसून गाणी लावताना हेच केलं होतं.

मग शू धरणारी पिन मागून बोटाने दाबून धरा, पुढची वाटी पक्कडीने आत दाबून पाव वेढा फिरवा. ती सुटली की दोन्ही शू मोकळे हलतात. वरची आणि खालची स्प्रिंग शक्यतो ताणून काढण्यापेक्षा दोन्ही शू खालच्या आधारातून बाहेर ओढून एकमेकांकडे दुमडा, स्प्रिंगांचा ताण आपोआप जातो. शेवटी मागच्या शूच्या पट्टीतून केबलचं टोक काढा. पक्कडीने केबलची छोटी स्प्रिंग मागे दाबली की टोक आकड्यातून निसटतं.

आता नवं लावायची घाई नको. मोकळ्या बॅकप्लेटवर शू जिथे घासत सरकतात तिथे उंचवटे असतात, बहुधा प्रत्येक शूला तीन. त्यांवर शूने खोबणी पाडली असेल तर शू अडकतो, मग दांडी सोडली तरी चाक जड राहतं. तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीसचा अगदी पातळ थर लावा, मोहरीएवढा. व्हील सिलिंडरचं रबर हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर आजच बदला, नाहीतर नवे लायनर महिन्यात भिजतील.

ॲडजस्टर काढून साफ करा, आटे किंवा दात मोकळे फिरतात का बघा. चक्रीवाल्या ॲडजस्टरमध्ये डावा आणि उजवा वेगळा असतो, कित्येकदा आटेही उलटे. अदलाबदल झाली तर ब्रेक मारल्यावर तो लांब होण्याऐवजी आखूड होत जातो आणि आठवड्याभरात दांडी छताला! मी ही चूक केलेली आहे. पांढऱ्या खडूने 'डा' आणि 'उ' लिहा, विषय संपला.

बसवताना उलटा क्रम: मागच्या शूला पट्टी, नवी सी-क्लिप, केबलचं टोक, मग स्ट्रट आणि वरची स्प्रिंग लावून दोन्ही शू जोडीने जागेवर, पिना-वाट्या, शेवटी खालची स्प्रिंग. लायनरला ग्रीसचे हात लागू देऊ नका. लायनरवर कागदी चिकटपट्टी लावून काम करा आणि ड्रम चढवण्याआधी काढा. हो, काढायला विसरणारेही आहेत.

शूचं अंतर आणि केबल, आधी काय लावायचं?

आधी शू, नंतर केबल. उलट केलंत तर पहिल्या प्रश्नात जो रोग सांगितला तोच नव्या सामानावर सुरू होतो.

केबल ढिलीच ठेवून ॲडजस्टर फिरवत जा. ड्रम हाताने सरकवताना लायनरला किंचित घासून बसला पाहिजे. व्हर्निअर असेल तर ड्रमचा आतला व्यास आणि शूंचा बाहेरचा व्यास मोजा, शू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लहान हवेत. दोन्ही ड्रम चढले, की मगच पेडलला हात, म्हणजे पाय. दहा-पंधरा वेळा सावकाश पूर्ण दाबा. काही गाड्यांत आतून 'टिक-टिक' ऐकू येते, तो ॲडजस्टर उरलेलं अंतर भरतोय. काही गाड्यांत ॲडजस्टर पेडलने नाही तर हँडब्रेकच्या दांडीने सरकतो, तिथे दांडी ओढून सोडायची.

चाक हाताने फिरवा. हलकी खसखस चालेल, अडलेलं चालणार नाही. आता केबिनमधला नट आवळत दांडीचे दात पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. दांडी पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी, पूर्ण वर असताना दोन्ही चाकं हाताने हलता कामा नयेत. दोन केबल वाटणारी आडवी पट्टी सरळ आहे का तेही बघा. ती तिरकी झुकली असेल तर एक केबल आत अडकते आहे, आणि ती न बदलता बाकी सगळं केलेलं फुकट.

फक्त एकाच बाजूचे शू बदलले तर चालेल?

नाही. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल.

ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढणं, करावं लागतं का?

ऑइलची नळी किंवा सिलिंडर उघडला नसेल तर नाही. पण ऑइलची टाकी तपासा. शू जाड झाल्याने पिस्टन आत जातात आणि ऑइल वर येतं. मधल्या काळात कुणी टाकी काठोकाठ भरली असेल तर ते ओसंडून रंगावर सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

ड्रम लेथवर टर्न करून, म्हणजे आतून तासून घेऊ?

खोल चरे किंवा ओठ असेल तर. प्रत्येक ड्रमवर कमाल व्यास कोरलेला किंवा ओतलेला असतो. टर्निंगनंतर त्याच्या आत राहणार असेल तरच. दोन्ही ड्रम सारखेच कापून घ्या. त्या आकड्याला आलेला ड्रम भंगारात.

नवे लायनर टाकले आणि हँडब्रेक पूर्वीपेक्षा कमजोर वाटतो. फसवलं का मला?

बहुधा नाही. नव्या लायनरची गोलाई जुन्या, झिजलेल्या ड्रमशी तंतोतंत जुळत नाही. सुरुवातीला मधलाच भाग टेकतो. पायाचा ब्रेकही हेच शू वापरत असल्याने दोन-तीनशे किलोमीटरच्या साध्या चालवण्यात ते बसतात. तेवढ्यात घाटात भरलेली गाडी घेऊन जाऊ नका. त्यानंतर दात पुन्हा मोजा.

तोंड चढाकडे असलं की गाडी थांबते, उताराकडे असलं की सरकते. असं कसं?

तोंड वर असताना गाडीचं वजन मागच्या चाकांवर येतं, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. तोंड खाली असताना मागचा भाग हलका होतो. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर किंवा खडीवर चाक लॉक होऊनही घसरू शकतं. त्यात लायनरचा दोष नाही. पण कोरड्या डांबरावर चाक फिरत सरकत असेल तर ड्रम उघडा. हलक्या गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच नियमात भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर नुसत्या हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे असं आहे, आणि त्यासाठी हाताची ओढ ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा जास्त लागता कामा नये. २० टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. तळघरातल्या पार्किंगचा तीव्र रॅम्प डोळ्यांपुढे आणा.

माझ्या गाडीला मागे डिस्क आहे. मग शू कुठून आले?

दोन प्रकार आहेत. काही गाड्यांत कॅलिपरच (डिस्कला चिमटा घेणारा भाग) हँडब्रेकचं काम करतो, तिथे शू नसतातच. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि कित्येक मोठ्या टोयोटा-होंडा गाड्यांत, डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत छोटा ड्रम आणि फक्त हँडब्रेकचे अरुंद शू असतात. ते चालत्या गाडीत घासतच नाहीत, म्हणून झिजण्याआधी गंजतात. कधी तर लायनर शूपासून सुटून आत खडखडतो. इथे ॲडजस्टर आपोआप सरकत नाही. डिस्कवरच्या भोकातून पेचकसाने चक्री फिरवून चाक अडेपर्यंत आवळायची, मग पुस्तिकेत दिलेले दात मागे घ्यायचे. हे शू पायाच्या ब्रेकने बसत नाहीत, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर, बटण दाबून धरून दांडी हलकी ओढत थोडं अंतर चालवून मुद्दाम बसवावे लागतात. किती वेगाने आणि किती अंतर ते पुस्तिकेप्रमाणे. मागे कुणी नाही ना, ते आधी बघा. हँडब्रेकने गाडीमागचा ब्रेकचा लाल दिवा पेटत नाही.

पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी होती, मागचं चाक सुटतच नाही.

ओला लायनर गंजून ड्रमला चिकटलाय. दांडी खाली करा, गाडी हळूच पुढे-मागे झुलवा, 'कट्' आवाज येऊन सुटते. नाही सुटली तर चाक काढून ड्रमच्या चेहऱ्यावर रबरी हातोडीने गोल फिरत टिचक्या मारा. इंजिनाचा जोर लावून फरफटवू नका, लायनर शूपासून उखडून येतो. पुढच्या वेळी गावाला जाताना सपाट जागी गिअरमध्ये लावा, चाकाला विटा टेकवा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

हे सगळं मला नाही जमणार. गॅरेजमध्ये काय सांगू?

गाडी देताना त्यांच्यासमोर दांडीचे दात मोजा आणि कागदावर लिहा. 'केबल नका आवळू, ड्रम उघडल्यावर मला बोलवा' एवढंच सांगा. गेल्यावर स्वतः बघा: लायनरची जाडी, सिलिंडरची ओल, ॲडजस्टर हाताने फिरतो का. जुने शू आणि जुन्या स्प्रिंगा पिशवीत घालून परत मागा. दादा वैतागतील थोडे, चहा सांगा.